आइनस्टाइन नक्की कुणाच्या बाजूने?

मोठे शास्त्रज्ञ देव मानत होते की नव्हते, यावरून देवाबद्दल काही ठरतं का, असा वाद इथे चाललाय. वर एकांनी आइनस्टाइनचं 'देव फासे टाकत नाही' हे वाक्य आस्तिकतेचा दाखला म्हणून दिलंय. त्यावर दुसऱ्यांनी त्याचं १९५४ चं पत्र काढलंय, ज्यात 'देव' हा शब्द त्याला मानवी दुर्बलतेतून आलेला वाटतो. दोन्ही खरं आहे. पण फाशांची गोष्ट त्याने १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नला लिहिली, तेव्हा वाद क्वांटम सिद्धांतातल्या (अणूहून सूक्ष्म कणांच्या वागण्याच्या सिद्धांतातल्या) संभाव्यतेचा होता, सत्यनारायणाचा नव्हे! शिवाय त्या वादात पुढच्या प्रयोगांनी आइनस्टाइनची बाजू लंगडी पाडली. जिथे तो तज्ज्ञ होता तिथेच त्याचा शब्द अखेरचा ठरला नाही, मग देवाबद्दल का ठरावा?

मला जास्त बोलकं वाटतं ते १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल. ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना ते विभागून मिळालं. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल (काही किरणोत्सारी बदलांमागचं बल) एकाच चौकटीत बसतात, हे त्यांचं काम. सलाम अहमदिया या मुस्लिम पंथाचे श्रद्धाळू, नोबेलच्या मेजवानीतल्या भाषणातही कुराणातल्या ओळी म्हणणारे. वाइनबर्ग कट्टर नास्तिक. दोघे स्वतंत्रपणे त्याच सिद्धांताशी पोचले. १९८३ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत त्या सिद्धांताने वर्तवलेले डब्ल्यू आणि झेड कण सापडले, ते कुणाचा धर्म विचारून नाही.

आणि न्यूटनची श्रद्धा पुढे करणाऱ्यांनी त्याच्या किमयेच्या (हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या विद्येच्या) वह्याही पदरात घ्याव्यात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे ख्रिस्ती त्रैक्य तर तो मानतच नव्हता, त्याचं काय करायचं?