प्रति: वाहतुकीत अपघात झाला तर?

किरणोत्सर्गी स्रोतांच्या (उपचार वगैरेंसाठी वापरल्या जाणाऱ्या, घातक किरणं सोडणाऱ्या पदार्थांच्या) सुरक्षेत वाहतूक हाच सगळ्यात कच्चा दुवा, हा इथे मांडलेला मुद्दा पटला नाही. तीव्र स्रोत ज्यातून नेतात त्या 'टाइप बी' प्रकारच्या मजबूत पात्राला 9 मीटरवरून आपटणं आणि 800 अंश सेल्सिअसची 30 मिनिटांची आग, अशा कसोट्या पार कराव्या लागतात. घोळ होतो तो आयातीच्या कागदांत आणि यंत्र वापरातून गेल्यावर.

मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेसचं उदाहरण अजून कोणी दिलेलं नाही. तिथल्या एका रुग्णालयाने 1977 मध्ये कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचं, किरणोपचाराचं वापरलेलं यंत्र आयातीचे नियम न पाळता आणलं आणि ते गोदामात पडून राहिलं. नोंदच नाही म्हटल्यावर तपासायला येणार कोण? 1983च्या अखेरीस ते भंगारात गेलं. आतल्या कोबाल्टच्या, जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या सुमारे 6,000 गोळ्यांपैकी काही वाहनात, काही भंगारवाड्यात सांडल्या, बाकीच्या वितळून बांधकामाच्या सळ्यांत गेल्या. सळ्या अमेरिकेतही पोचल्या. हे कळलं कसं, तर जानेवारी 1984 मध्ये सळ्यांचा एक ट्रक रस्ता चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामॉस अणुप्रयोगशाळेपाशी गेला आणि तिथला किरणोत्सर्ग ओळखणारा डिटेक्टर वाजला! निव्वळ योगायोग. म्हणून आयात परवाना देतानाच, काम संपल्यावर स्रोत परत नेण्याचा करार पुरवठादाराकडून लिहून घ्यावा.