मदत हवी आहे: डीव्हीआरची तारीख मागे जाते, बागेतला कॅमेरा रात्री बंद पडतो

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीकाठी. घरी आई-बाबा दोघंच, मी ठाण्याला. दिवाळीत चार कॅमेरे बसवून घेतले: २ मेगापिक्सेलचे, चार चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), १ टीबीची हार्ड डिस्क. एक बेड्याकडे (फाटकाकडे), एक खळ्यात, एक पडवीत आणि चौथा कलमांच्या बागेत. खरी गरज होती ती या चौथ्याची, आणि नेमका तोच दगा देतोय.

परवा रात्री चार कलमांवरचा हापूस कोणीतरी उतरवून नेला. सकाळी बाबा गेले तर झाडाखाली मोडलेल्या डहाळ्या आणि चिकाने माखलेली दोन पोती. वर्षभर खत, फवारणी, राखण करून हे बघावं लागलं. बाबा तेव्हापासून नीट जेवलेले नाहीत. मी रजा टाकून आलो, रेकॉर्डिंग काढायला बसलो, तर त्या तारखेला काहीच नाही.

लाईट जाऊन आली की डीव्हीआर १ जानेवारी २००० दाखवतो. त्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली होती, ७:४० ला आली.

दुसरं म्हणजे, अंधार पडला की बागेतल्या कॅमेऱ्याचं चित्र थरथरतं, आडव्या रेघा येतात आणि मग ‘व्हिडिओ लॉस’. उजाडलं की आपोआप चालू. बसवणाऱ्याने कॅमेरा बदलून दिला, तरी तेच. डीव्हीआर आणि १२ व्होल्टचा सप्लाय पडवीत आहे, तिथून बाग साधारण ८० मीटर. कोणाला असा अनुभव आहे का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

आधी रेकॉर्डिंगचं बघा, बाकीचं थांबू शकतं. ते गेलेलं नसणार, चुकीच्या तारखेखाली पडलेलं असेल. प्लेबॅकमध्ये १ जानेवारी २००० निवडा. लाईट ७:४० ला आली, म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ तिथून शून्यापासून चाललं. समजा रात्रीचा दीड वाजला, तर तेव्हा त्याच्या लेखी ५:५० झाले होते. सापडलं की लगेच पेन ड्राइव्हवर घ्या. एका कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) धरलं तर दिवसाला जवळपास ११ जीबी जातात, चार कॅमेऱ्यांना ४३. म्हणजे तुमची डिस्क तीन आठवड्यांत भरते आणि मग जुनं पुसत जाते.

तारखेचं कारण बहुतेक आतला सेल. डीव्हीआरचा प्लग काढून झाकण उघडा, बोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ दिसेल. तो बदला, वेळ लावा, दहा मिनिटं प्लग काढून ठेवा आणि परत बघा.

प्रतिसाद २

कॅमेरा चांगलाच असणार. रात्री त्याचे आयआर (इन्फ्रारेड, अंधारात बघण्यासाठीचे) दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो आणि ८० मीटर बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर घेऊन कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा आणि रात्री मोजा. बागेत पंपाची खोली असेल तर तिथूनच त्या कॅमेऱ्याला वेगळा १२ व्होल्टचा ॲडाप्टर द्या. बीएनसी पिनही (व्हिडिओच्या वायरीच्या टोकाचा जोड) उघडून बघा. आपल्या खाऱ्या हवेत वर्षभरात हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तसा दिसला तर घासत बसू नका, कापून नवीन लावा आणि जोड बंद डबीत ठेवा.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. रेकॉर्डिंग सापडलं! बागेतला कॅमेरा काळाच आहे, पण बेड्याच्या कॅमेऱ्यात ६:१० ला, म्हणजे रात्री १:५० ला, दिवे बंद केलेला टेम्पो वर जाताना दिसतो. पेन ड्राइव्हवर घेतलं, उद्या बाबांना घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. व्होल्टेज दिवसा १०.६ आलं, रात्री ८.८. पिनाही हिरव्या झाल्यात. पंपाच्या खोलीत लाईट आहे, शनिवारी ॲडाप्टर तिथे लावतो.

आता एकच विचारतो: नंबर प्लेटवर आयआरचा उजेड पडून ती नुसती पांढरी दिसते. बेड्याचा कॅमेरा किती उंचीवर, कसा वळवला तर नंबर वाचता येईल?