अस्तर ठेवलं म्हणजे ऑपरेशन अर्धवट नव्हे

‘पिशवी मुळासकट काढली नाही तर काम अर्धवट’ असं काहींना वाटतं, पण ते म्युकोसीलला, म्हणजे सायनसमध्ये स्राव साठून फुगलेल्या पिशवीला, लागू पडत नाही. ती पिशवी म्हणजे सायनसचंच अस्तर. सायनसची नाकात उघडणारी वाट बुजल्याने आत चिकट स्राव साठत जातो. ऑपरेशनमध्ये दुर्बिणीने नाकातून त्या पिशवीचं तोंड रुंद उघडायचं आणि अस्तर मुद्दाम राहू द्यायचं. दाबाने हाड झिजलेलं असतं, खरवडायला जावं तर पलीकडे थेट डोळ्याची खोबण किंवा मेंदूचं आवरण!

माझ्या मामांना म्युकोसीलमुळे एकाच्या दोन वस्तू दिसायच्या, डोळा खाली सरकलेला, आणि ते चष्म्याचा नंबर बदलत बसले होते. निचरा झाल्यावर डोळा हळूहळू जागेवर आला. स्फेनॉइडचा, म्हणजे नाकामागे खोलवर असलेल्या सायनसचा, म्युकोसील मात्र दृष्टीच्या नसेला खेटून असतो. तिथे नजर झपाट्याने मंदावली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.