खिडकीसाठी ब्लाइंड : माप गाळ्याचे द्यावे की तयार मालाचे?

प्रश्न : फोंड्याहून एक गृहिणी

नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या घराचा पुढचा भाग जुना, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचा आहे, तर मागील दोन खोल्या (शयनगृह आणि अभ्यासाची खोली) नंतर वाढवलेल्या, नऊ इंची भिंतींच्या आहेत. मागच्या खोल्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असून त्या पश्चिमेकडे असल्यामुळे पाऊस सरल्यावर दुपारनंतरचे ऊन थेट आत येते. तेथे रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळले जाणारे कापडी पडदे, बसवायचे ठरले आहे.

एकाच खिडकीची रुंदी सुतारकाकांनी 47 इंच 4 सूत अशी लिहून दिली आणि दुकानातून आलेल्या माणसाने 1212 मिमी अशी. सुतांचा हिशेब करून पाहिला तर पहिले माप 1206.5 मिमी भरते. कापलेले कापड परत घेतले जात नाही, म्हणून मागणीपत्रावर मापे आम्हीच सही करून द्यावीत असे दुकानदारांचे म्हणणे आहे. कोणते माप धरावे, त्यातून काही वजा करावे का आणि ब्लाइंड गाळ्याच्या (भिंतीत खिडकीसाठी सोडलेल्या जागेच्या) आत घ्यावे की बाहेर भिंतीवर, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : डिचोलीचे सुतार

ताई, दोन्ही मापे खरी असण्याचीच शक्यता अधिक आहे, कारण ती बहुधा गाळ्याच्या वेगवेगळ्या उंचीवर घेतलेली असावीत. गिलावा केलेला गाळा वरपासून खालपर्यंत एकसारखा रुंद क्वचितच असतो. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि ब्लाइंड आत बसणार असेल तर त्यांतील सर्वांत लहान माप धरावे. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्यावी. रोलरचे कापड नळीवर गुंडाळलेलेच राहत असल्याने तेथे सर्वांत मोठी उंची चालते, मात्र पट्ट्यांचे व्हेनेशियन किंवा घड्यांचे रोमन ब्लाइंड असेल तर सर्वांत लहान उंची धरावी लागते, नाहीतर त्याची खालची कड कट्ट्यावर टेकते. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तर गाळा गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे असे समजावे. फरक जितका अधिक, तितकी कापडाच्या एका बाजूची फट निमुळती दिसणार.

मोजपट्टी पोलादी घ्यावी, शिवणकामाची कापडी नको, ती वापरून ताणलेली असते. पट्टीच्या टोकाचा हूक किंचित मागेपुढे सरकतो तो ढिला झाला म्हणून नव्हे. आतून टेकवून किंवा बाहेरून अडकवून मोजताना त्याच्या स्वतःच्या जाडीचा फरक पडू नये, एवढ्यासाठी तो तसा ठेवलेला असतो. त्यामुळे तो ठोकून घट्ट करू नये. गाळ्यात आतून मोजताना पट्टी कोपऱ्यात वाकवून अंदाजे आकडा वाचण्यापेक्षा मोजपट्टीची डबी समोरच्या बाजूला टेकवावी आणि डबीवर छापलेली तिची लांबी वाचलेल्या मापात मिळवावी.

सुतांविषयीही सांगणे आवश्यक आहे. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणून 47 इंच 4 सूत म्हणजे साडेसत्तेचाळीस इंच. हेच माप कोणी घाईने 47.4 असे लिहिले तर अडीच मिमी तिथेच गेले. दुकानाला द्यायचा कागद पूर्णपणे मिलिमीटरमध्ये असावा आणि रुंदी आधी, उंची नंतर, असा क्रम त्यावर शब्दांत लिहिलेला असावा.

आता वजाबाकी. ती तुम्ही मुळीच करू नका. मागणीपत्रावर ‘गाळ्याचे माप’ असे स्पष्ट लिहिले की ब्लाइंड अडकू नये म्हणून मोकळे सोडावे लागणारे काही मिलिमीटर कारखाना स्वतः कमी करतो. तुम्हीही कमी केले आणि त्यांनीही केले, तर ब्लाइंड दोनदा लहान होते, आणि आखूड पडलेल्या ब्लाइंडला कोणताही कारागीर वाढवू शकत नाही. ‘तयार मालाचे माप’ असे लिहिले असेल तर मात्र ते जसेच्या तसे कापले जाते.

उत्तर : पणजीहून, अंतर्गत सजावटीचे काम करणारी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु पश्चिमेकडील शयनगृहासाठी ब्लाइंड भिंतीवर बाहेरूनच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. रोलरच्या एकूण रुंदीत दोन्ही टोकांचे ब्रॅकेट आणि साखळीचे चाक धरलेले असते, त्यामुळे कापड त्याहून साधारण 30 ते 40 मिमी अरुंद असते. ब्लाइंड गाळ्यात बसवले की दोन्ही बाजूंना उन्हाच्या उभ्या रेघा येणारच, त्यात मापाचा काही दोष नसतो. बाहेरून घेताना हिशेब उलटा होतो. तेथे सर्वांत मोठी रुंदी धरून कापड प्रत्येक बाजूला 75 ते 100 मिमी अधिक घ्यावे आणि वरही तेवढीच जागा ठेवावी. आपल्याकडे खिडकीभोवती ग्रॅनाइटची चौकट लावण्याची पद्धत आहे. ती भिंतीपासून पुढे आलेली असेल तर तिची जाडीही मोजा, कारण ब्रॅकेट तेवढे पुढे आणावे लागते.

प्रश्नकर्तीकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे शयनगृहाच्या खिडकीची मापे मिमीमध्ये घेतली. रुंदी वर 1212, मध्ये 1206, खाली 1209. उंची डावीकडे 1372, मध्ये 1375, उजवीकडे 1380. कर्ण 1838 आणि 1826. खिडकीभोवती ग्रॅनाइट नाही. शयनगृहात गाळ्याच्या आत ग्रिल असल्यामुळे ग्रिलपासून भिंतीच्या कडेपर्यंत जागा केवळ 50 मिमी उरते. अभ्यासाच्या खोलीत ग्रिल बाहेरून आहे आणि तेथे 110 मिमी मिळतात. गाळे दोन्हीकडे जवळपास सारखे आहेत.

उत्तर : डिचोलीचे सुतार

मग शयनगृहाचा निर्णय या 50 मिमी जागेनेच दिला आहे. 38 मिमी व्यासाच्या नळीवर अर्धा मिमी जाडीचे 1400 मिमी लांब कापड गुंडाळले तर गुंडाळीचा व्यास सुमारे 48 मिमी होतो. ब्रॅकेटची पाठ आणि कापड ग्रिलला घासू नये म्हणून लागणारी जागा त्यात धरली, तर 50 मिमीत ते बसणार नाही. झेब्रा ब्लाइंडमध्ये कापड दुहेरी असल्याने तीच गुंडाळी 57 मिमीपर्यंत जाते. म्हणून शयनगृहात बाहेरून घ्यावे आणि मागणीपत्रावर ‘कापडाची रुंदी 1400 मिमी’ असे लिहावे, म्हणजे वरच्या 1212 मिमीच्या ठिकाणीही प्रत्येक बाजूला 94 मिमी झाकले जातील. अभ्यासाच्या खोलीत आत घेता येईल, मात्र तेथील मापे वेगळी घेऊन लिहावीत. जवळपास सारखे हे मापात चालत नाही. कर्णांत 12 मिमीचा फरक आहे, तेव्हा वरची नळी गाळ्याच्या कडेला समांतर न लावता पाणसळीने समतल लावण्यास सांगा. नळी तिरपी असेल तर कापड गुंडाळताना एका बाजूला सरकत जाते आणि त्याची कड विरते.

उत्तर : पणजीहून, अंतर्गत सजावटीचे काम करणारी

आणखी दोन गोष्टी मागणीपत्रावर राहू नयेत. साखळी डावीकडे हवी की उजवीकडे, हे खोलीच्या आतून पाहून लिहावे. घरात लहान मूल असेल तर साखळीचा फास लोंबता न ठेवता भिंतीला क्लिपने ताणून बसवून घ्यावा. दुसरे म्हणजे स्क्रू आणि ब्रॅकेट. दमट हवेत साधे लोखंड एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात गंजते आणि तो गंज कापडावर उतरतो, म्हणून स्टेनलेस स्टीलची मागणी आवर्जून करावी.

प्रश्नकर्तीकडून

मागणीपत्र याप्रमाणेच भरते. पुढच्या जुन्या खोलीचे काम नंतर करायचे आहे. तेथे लाकडी झडपा आत उघडतात आणि वर कमान आहे. तेथेही भिंतीवरच घ्यावे लागेल का?

उत्तर : डिचोलीचे सुतार

होय. आत उघडणाऱ्या झडपांना गाळ्यातले ब्लाइंड आडवे येते, आणि भिंतीवर घेतानाही कमानीच्या सर्वांत उंच बिंदूच्या वर नळी जाईल इतकी जागा आहे का, ते आधी पाहावे. तेथील ब्लाइंड पूर्ण वर गुंडाळल्याशिवाय झडप उघडता येणार नाही, हेही लक्षात घ्यावे. जुन्या गिलाव्यात आणि जांभ्यात भोक पाडताना कडा ढासळतात, म्हणून नेहमीच्या आखूड प्लगवर भरवसा ठेवू नये. आधी भिंतीवर सागवानाची एक पट्टी लांब स्क्रूंनी चार-पाच ठिकाणी पक्की करावी आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावावेत. पट्टीची जाडी मोजण्यापूर्वीच ठरवा, कारण ब्लाइंड तितके झडपेपासून दूर येईल.