मृगातला तेजोमेघ: मोठी दुर्बीण नको, माउंट (दुर्बिणीचा आधार) बघा
या तेजोमेघाच्या फोटोत तारे रेघांसारखे येतात म्हणून मोठी दुर्बीण घ्यावी का, या प्रश्नावर माझं मत: मुळीच नको. मोठ्या दुर्बिणीची फोकल लेन्थ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) सहसा जास्त असते, चित्र मोठं होतं, म्हणून रेघा बहुधा आणखी लांब येतील! मृगाच्या भागात आकाश सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. ७५० मिमी फोकल लेन्थ आणि ४ मायक्रॉनचे पिक्सेल धरले, तर एक पिक्सेल म्हणजे जेमतेम १.१ आर्कसेकंद. म्हणजे स्थिर दुर्बिणीत तारा एका सेकंदात १३-१४ पिक्सेल पळतो. पैसे घालायचेच तर मोटर असलेल्या विषुववृत्तीय माउंटमध्ये (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या) घाला, आणि त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे (ध्रुवताऱ्याजवळच्या बिंदूकडे) नीट रोखायला शिका. साधा मोटरवाला अल्ट-अॅझिमुथ माउंट (वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणारा) ताऱ्याच्या मागे जातो खरा, पण चित्र हळूहळू गोल फिरतं.

एकच लांब एक्स्पोजर देण्याचा हट्टही सोडा. अमेरिकन खगोल छायाचित्रकार हेन्री ड्रेपरनं १८८० मध्ये याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला तेव्हा ५१ मिनिटं दिली होती; त्याच्याकडे स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचून एक करणं) नव्हतं, आपल्याकडे आहे. ३० सेकंदांच्या २५ फ्रेम एकत्र केल्या तरी एका फ्रेमच्या मानानं नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) पाचपट कमी होतो. मधला ट्रॅपेझियमचा (तेजस्वी ताऱ्यांच्या छोट्या गटाचा) भाग पांढराफटक होतो, त्यासाठी ३-५ सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन नंतर मिसळा.

लाल रंग फिका येतो त्यात तुमची चूक नाही. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश साध्या डीएसएलआरमधला फिल्टर बराचसा अडवतो.

आणि मधूनमधून भिंगावर दव तपासा. मी एकदा तासभर नुसतं धुकं टिपलंय.