येऊरचा डोंगर हिरवा झाला. श्रेय कुणाचं?

वर्तकनगरी
रविवारी ठाण्यात उपवनला चहा पीत बसलो होतो. समोर येऊरचा डोंगर हिरवागार. शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "बघा, वृक्षलागवडीचं फळ!" चहा नाकात गेला.

२०१६ ते २०१९ मध्ये राज्यातल्या लागवडीचे संकल्प २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी असे चढत गेले. त्यातल्या एका मोहिमेत मीपण होतो. जुलैचा पाऊस, रेनकोट, फोटो, वडापाव. पुढच्या एप्रिलात हौसेने बघायला गेलो, तर आमच्या चाळीस खड्ड्यांपैकी सहात जीव होता. आजूबाजूला मात्र जुन्या बुंध्यांतून साग आणि ऐन फुटलेला, कुडा माजलेला. यातलं काहीच कुणी लावलेलं नव्हतं. आठ वर्षांनी एकदाच फुलणारं कारवीचं झुडूप २०१६ला फुललं, म्हणजे कारवी फुलली, बी टाकून मेली, २०२४ला पुन्हा फुलली. मधल्या आठ वर्षांत तिला कुणी टँकर पाठवला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. वणवा थांबवा, कुऱ्हाड थांबवा, बाकी डोंगर बघून घेतो. लागवडीचे पैसे राखणदारांच्या पगारावर घाला.

तुर्भेकर
पूर्ण असहमत. येऊर राष्ट्रीय उद्यानात आहे, जमिनीत मुळं आहेत, बाजूला बी देणारं जंगल आहे. तिथे बसून "आपोआप येतं" म्हणणं सोपं आहे. जरा आमच्याकडे नवी मुंबईत, पारसिकच्या डोंगरावर या. दगडखाणींनी डोंगर उभा कापलाय. उरलाय तो नुसता काळा पाषाण, मातीच नाही. बुंधाच नाही तर फुटणार काय?

आणि पाऊस आता पूर्वीसारखा रिपरिप पडत नाही. आठवडा कोरडा, मग दोन दिवसांत कोसळतो. कपारीत साठलेली चिमूटभर माती पहिल्याच झोडपणीत नाल्यात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, ते टोक झालं म्हणा, पण उघड्या उतारावरून माती जायला त्याच्या चौथाईही पुरते. इथे माणसानेच माती आणून, बांध घालून, झाडं लावायला हवीत. लागवडीत सर्रास लावतात त्या गिरिपुष्पाच्या परदेशी झाडाला नावं ठेवणाऱ्यांनी उघड्या मुरमावर दुसरं काय जगतं ते करून दाखवावं. निदान ते हवेतला नत्र तरी जमिनीत घालतं.

आकडेमोड्या
दोघेही डोळ्यांवर विसंबताय. उपग्रहाला ऑगस्टमधलं गवतही हिरवं दिसतं. म्हणून अभ्यासक काय करतात, की पाऊस-तापमान बघून किती हिरवाई यायला हवी होती ते गणिताने काढतात, प्रत्यक्षातून वजा करतात, आणि उरलेलं माणसाच्या खात्यावर टाकतात. चांगलं असो वा वाईट.

उरलेल्यात बरंच काही लपतं, हेही खरं. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ला दशलक्षात ३१५ भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय. नुसत्या त्यानेही पानं वाढतात. २०१९च्या एका अभ्यासात जगाच्या हिरवाईवाढीत चीन आणि भारत पुढे निघाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. भारताच्या वाढीत शेतीचा वाटा ८२ टक्के होता, जंगलाचा जेमतेम ४.४.

शिवाय लावलेलं जगलं म्हणजे जिंकलो असंही नाही. चीनच्या लोएस पठारावर १९९९पासून शेतं मोडून झाडं लावली. डोंगर हिरवे झाले, पण झाडं जमिनीतलं पाणी इतकं ओढायला लागली की आणखी किती लावायची हा प्रश्न उभा राहिला.

वर्तकनगरी
@आकडेमोड्या, ते पठार कोरडं. ठाण्यात अडीच हजार मिमीच्या आसपास पडतो.

आकडेमोड्या
चार महिन्यांत. तुमची चौतीस रोपं मेली ती उरलेल्या आठ महिन्यांत.

खाजणातला
डोंगरावरून खाली उतरा की मंडळी. ठाणे खाडीत तिवरं, म्हणजे खारफुटी, वाढली म्हणून सगळे खूश. २००५ आणि २०१८चे उच्च न्यायालयाचे आदेश होते म्हणून तोड अडली, ते मान्यच. पण वाढ कशावर झाली? वरून आलेला गाळ आणि आपल्या सगळ्यांच्या संडासाचं पाणी. गाळाने खाडी उथळ झाली, तिवर पुढे सरकलं. आजोबा जिथे होडी लावायचे तिथे आता झाडं. चिखलातली निवटी मासळी शोधायला किती लांब जावं लागतं ते आईला विचारा. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभा राहतो तो चिखलावर, झाडावर नाही. २०२२ला खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आनंद आहे, पण तो चिखलच आकसतोय. समुद्र चढला की एका बाजूने पाणी आणि दुसऱ्या बाजूने तुमच्या टॉवरची भिंत. तिवराने मागे सरकायचं कुठे?

मग हे माणसाने वाढवलेलं लिहायचं की माणसाने बिघडवलेलं? आकडेमोड्या, कुठल्या खात्यावर टाकताय?

आकडेमोड्या
गणितात ते "सुधारणा" म्हणूनच येईल. हिरवं ते हिरवं.

पाड्यावरचा
वणवा थांबवा म्हणताय, बरोबर. पण वणवा म्हटलं की बोट आमच्याकडे. भाताची रोपं करायला जमीन भाजतो तो राब, तोही खाचराच्या कोपऱ्यात. त्यासाठी ऐनाची लहाळी, म्हणजे बारक्या फांद्या, तोडतो, झाड मारत नाही. तेच ऐन पुढच्या साली परत फुटतं, तुम्ही बघितलंत ते बहुतेक आमचंच. मार्चमध्ये बाटल्या आणि सिगारेटी घेऊन कोण येतं ते नाक्यावर उभं राहून मोजा. पूर्वी आग गवतापुरती चालायची. आता फेब्रुवारीपासूनच पाचोळा कडक वाळतो, एक ठिणगी पडली की कारवीची पिल्लं साफ.

तुर्भेकर
हे पटलं. पण पारसिकला राखायला आधी काहीतरी उगवायला हवं ना.

वर्तकनगरी
पारसिकपुरतं मागे घेतो. खाणीत माती टाका, गिरिपुष्प लावा, माझी हरकत नाही. पण त्याच आकड्यात येऊरचे खड्डे मोजू नका. @पाड्यावरचा, मार्चमध्ये नाक्यावर मोजायला मी येतो. सकाळी की संध्याकाळी?

पाड्यावरचा
संध्याकाळी. शनिवारी.