परदेशी लष्करी तळ की वापराचे हक्क: भारताच्या उपयोगाचे काय?

प्रश्न:
२०१६ मध्ये भारताने अमेरिकेशी रसदविषयक करार (म्हणजे एकमेकांच्या तळांवर इंधन आणि पुरवठा घेण्याचा करार) केला आणि पुढे फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्याशीही तसेच करार झाले. ओमानमधील दुक्म बंदरात आपल्या युद्धनौकांना सोय मिळते. चीनने मात्र २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकेतील जिबूतीत स्वतःचा तळच सुरू केला. ऐन वेळी दुसऱ्याच्या बंदरावर विसंबून भागेल का, की स्वतःचा तळ हवाच?

प्रतिसाद १:
एडनच्या आखातात २००८ पासून आपली चाचेविरोधी गस्त आहे आणि मी त्या गस्तीवर काम केले आहे. तिथे सगळा हिशेब दिवसांचा असतो. पालेभाजी आठवडाभरात संपते, मग कांदे-बटाट्यांवर दिवस काढायचे, आणि टाकीतले तेल ठरलेल्या पातळीखाली जाण्याआधी धक्का गाठायचा. ओमानमधील सलालाला लागून तेल, गोडे पाणी आणि भाजी भरून घेतली की नौका दोन-तीन दिवसांत पुन्हा गस्तीवर हजर होते. तेच मुंबईला यायचे म्हटले, तर जाण्यायेण्यातच आठवडा मोडतो आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरी नौका धाडावी लागते. या कामासाठी तिथे आपला झेंडा फडकण्याची गरज मला कधी भासली नाही.

प्रतिसाद २:
गस्तीपुरते हे खरे आहे, पण युद्धात यजमान देशाची गणिते बदलतात. तुर्कस्तान हा अमेरिकेचा नाटोतील जुना सहकारी आणि अमेरिका वापरते तो इंजिर्लिकचा हवाई तळही तिथलाच. तरीही १ मार्च २००३ रोजी इराकवरील स्वारीसाठी अमेरिकी फौजांना वाट देण्याचा ठराव त्यांच्या संसदेत बारगळला. बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडली, परंतु १९ सदस्य तटस्थ राहिल्याने हजर सदस्यांचे आवश्यक बहुमत झाले नाही. किनाऱ्याजवळ ताटकळलेली, एका अख्ख्या डिव्हिजनची (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकडीची) सामग्री वाहणारी जहाजे अखेर सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली.

जमीन स्वतःची असली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात अटलांटिक महासागरातील असेन्शन बेट ब्रिटनचेच होते, पण तिथला विमानतळ अमेरिका चालवत होती, आणि अमेरिकेचे सहकार्य नसते तर ब्रिटनची मोठी अडचण झाली असती. त्या बेटावरून फॉकलंडमधील पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान पोहोचवण्यासाठी हवेत इंधन भरणारी अकरा व्हिक्टर विमाने उडवावी लागली होती. म्हणून माझे मत असे, की करार एकाच देशाशी न करता अनेकांशी करावेत, म्हणजे एकाने दार लावले तरी दुसरे उघडे राहील.

प्रतिसाद ३:
या हिशेबात तिथे राहणारी माणसे कुठेच दिसत नाहीत, याचे मला वाईट वाटते. हिंदी महासागरातील छागोस बेटांपैकी दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ उभारता यावा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात त्या बेटांवरील सगळ्या रहिवाशांना हुसकावून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडले. पुढे हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२५ मध्ये बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देऊन तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ठेवण्याच्या करारावर ब्रिटनला सही करावी लागली. मॉरिशसच्याच आगालेगा बेटांवर भारताने बांधून दिलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तिथे जेमतेम तीनशे माणसे राहतात. त्यांना त्या धावपट्टीचा आणि धक्क्याचा रोजच्या जगण्यात उपयोग व्हावा आणि कोणालाही घर सोडावे लागू नये, हे भारताने आत्ताच लेखी द्यावे.